ऑर्किडच्या दांड्यावर माझं भाषण

रिसोड, ३ जुलै १९७४. सकाळी ७.
ऑर्किडचं शेवटचं फूल गळलं. आता प्रश्न दांड्याचा. कापायचा की ठेवायचा? पंचायत समितीच्या अख्ख्या ऑफिसात हा प्रश्न फक्त मलाच पडू शकतो. नागपूरच्या नर्सरीवाल्यानं झाड देताना सांगितलं होतं: हिरवा असेल तर हात लावू नका, वाळला की बुडापासून कापा. सोपं आहे. निरीक्षण पाहिजे, बस्स.
बायको म्हणते, "हे तं आमच्या आसेगावले झाडाझाडावर वाढते. त्याचं काय एवढं कौतुक?" अंजनाला प्रत्येक गोष्टीत माहेर दिसतं. दुर्लक्ष केलं.
निश्चय: दांड्याची रोज नोंद.

४ जुलै
दांडा हिरवा.

२२ जुलै
मधल्या नोंदी राहिल्या. ऑफिसात ऑडिट. शिवाय सर्दी.
आज पाहतो तर दांडे चार! तीन जाड, पांढरे, टोकाला हिरवे. चौथा काडीसारखा वाळलेला. फुलं नेमकी कोणत्यावर होती ते आठवत नाही. पण जाड तेच दांडे असणार. वाळकी काडी म्हणजे मूळ. जाणकाराला सांगावं लागत नाही.

१ ऑगस्ट
हेडमास्तर मारोतराव भेटले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर व्याख्यान ठेवलंय, अकोल्याचे पाहुणे येत नाहीत, तुम्ही काही बोलता का, म्हणाले. पाहुणे येत नाहीत हे निमित्त. माझं नाव त्यांच्या मनात आधीपासून असणार.
विषय: 'ऑर्किडचा दांडा केव्हा कापावा?' प्रात्यक्षिकासह.

९ ऑगस्ट
आरशासमोर रिहर्सल. अंजना दारात उभी. म्हणाली, "अवो, त्या पांढऱ्या मुया हायत. त्याईले काहून हात लावता? वाळला थोच दांडा."
मुळं, म्हणे! मुळं जमिनीत असतात, हवेत नसतात. शाळेत शिकलोय मी. तिला शास्त्रीय परिभाषा येत नाही. मलाही येत नाही, पण मी शिकणार आहे.

१४ ऑगस्ट
भाषण बावीस पानं. नवीन ब्लेड आणलं. कोट इस्त्रीला दिला. उद्या रिसोडला ऑर्किड म्हणजे काय ते कळेल.

१५ ऑगस्ट. दुपारी.
गर्दी चांगली. (जिलेबी नंतर होती.) बाविसातली नऊ पानं वाचली, मग लोक चुळबुळ करायला लागले म्हणून थेट प्रात्यक्षिक. तिन्ही जाड दांडे सपासप कापले. टाळ्यांसाठी थांबलो.
मागून रेस्ट हाऊसचा माळी उकंडराव उठला. "सायेब, मुया कापल्या तुमी. आता थे झाड पानी कायनं पिईन?"
हॉल हसला. मी म्हणालो, ही नवी पद्धत आहे. मग बीडीओ साहेबही हसले.
जिलेबी खाल्ली नाही.

१६ ऑगस्ट
ऑफिसला गेलो नाही. सर्दी.
अंजनानं वाळलेला दांडा बुडापासून कापला, एका झटक्यात, आणि झाड अंगणातल्या कडुनिंबाला सुतळीनं बांधलं. मी हेच सुचवणार होतो.

१२ सप्टेंबर
झाड जगलं. एक नवीन मूळ फुटलंय. मी ओळखलं. म्हणजे अंजनानं बोट दाखवलं, पण ती सांगायच्या आत मी ओळखलं.

२० सप्टेंबर
महिला मंडळाच्या गोमतीबाई घरी आल्या. गांधी जयंतीला बोलायचं निमंत्रण. मी खुर्ची पुढं घेतली. त्या अंजनाशी बोलत होत्या.
असो. वक्त्याचा परिचय मीच करून देणार. परिचय नीट नसेल तर भाषण वाया जातं.

१ ऑक्टोबर
परिचय अकरा पानं. पहिल्या नऊ पानांत मी येतो, पण त्याला इलाज नाही.

२ ऑक्टोबर. संध्याकाळी.
परिचयाला वेळ नाही, गोमतीबाई म्हणाल्या.
अंजना उभी राहिली आणि लाईट गेली. कोणीतरी पेट्रोमॅक्स माझ्या हातात दिला. ती चाळीस मिनिटं बोलली. कागद नव्हता. मधूनच म्हणायची, "बत्ती जरा वर धरा, मांगच्या बायाईले दिसत नाही." मी वर धरली. खांदा गेला.
हिरवा ठेवा, वाळला कापा, मुयाईले हात लावू नका. एवढंच. तरी टाळ्या थांबेनात. खरं तर मीही वाजवल्या असत्या, हात मोकळे नव्हते.
बाहेर पडताना दोघीजणी माझ्याकडे बघून कुजबुजल्या. मी कोट नीट केला.
"थे पाय वं," एक म्हणाली, "बत्तीवाले भाऊजी."