खिडकीचं तापमान

१२ जानेवारी

काय घडलं, क्रमाने.

१. बाबा गेले तेव्हा त्यांच्या टोमॅटोच्या बियांचा एक लिफाफा मागे राहिला. ही जात दुकानात मिळत नाही.
२. आईने लिफाफा माझ्याकडे दिला. मी लॅबमध्ये तापमापकं तपासते. घरात नेमकेपणा माझ्यापाशीच आहे.
३. ताईने अर्ध्या बिया मागितल्या. मी नाही म्हणाले.
४. ताईने माझ्यादेखत लिफाफ्यात बोटं घालून चिमूटभर उचलल्या.
५. मी तिला चोर म्हणाले. ती म्हणाली, बाबा काय तुझ्या एकटीचे होते?
६. बोलणं बंद. खोली अजून एकच आहे.

१४ जानेवारी

मार्चमध्ये सगळे कारखाने दुरुस्तीसाठी बंद असतात आणि त्यांची तापमापकं आमच्याकडे येऊन पडतात. तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. म्हणून रोपं आत्ताच, खोलीत. ट्रे, पारदर्शक झाकण, खाली गरम होणारी मॅट, थर्मोस्टॅट. त्याच्या वायरच्या टोकाचा, तापमान मोजणारा प्रोब मातीत खुपसायचा. माती पंचवीस डिग्रीला पोचली की मॅट आपोआप बंद. चूक व्हायला जागाच नाही.

सगळ्या बिया पेरल्या. थोड्या मागे ठेवणं म्हणजे स्वतःच्या पद्धतीवर अविश्वास. पेरताना प्रोबला चिखल लागू नये म्हणून तो तेवढ्यापुरता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पेरून झाल्यावर हात धुतले, झाकण लावलं, पडदा ओढला, स्विच ऑन.

ताईने तिच्या बिया अंड्यांच्या पुठ्ठ्यात पेरून फ्रिजवर ठेवल्या. हसू आवरलं.

१९ जानेवारी

डिस्प्लेवर चौदा. पंचवीस होईपर्यंत मॅट थांबणार नाही, आणि ती थांबलेली नाही. झाकणाला आतून घाम आलाय. या घरात निदान एक जण तरी मनापासून काम करतंय.

आई म्हणाली, अगं, ट्रे तव्यासारखा तापलाय, हात तरी लावून बघ. हात हे उपकरण नव्हे, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, याच हाताने तुम्हा दोघींचे ताप बघितले मी. त्या रीडिंगची कुठेही नोंद नाही.

२३ जानेवारी, सकाळी

बारा. कारण सापडलं: ताई खिडकी उघडते. ती उघडली की रीडिंग तिथल्या तिथे पडतं. माती इतक्या झटकन गार होते हे नव्याने कळलं.

आईमार्फत निषेध पाठवला. आईमार्फत उत्तर आलं: खोलीची भट्टी झालीय, आणि महाराणींना म्हणावं, मी श्वासही घेते.

२८ जानेवारी

फ्रिजवर अंकुर. नुसत्या काड्या. आई दोनदा स्टुलावर चढून बघून आली. घाईने उगवलेल्याचं मला कौतुक नाही. माझ्या बिया तयारीत आहेत.

३ फेब्रुवारी

थर्मोस्टॅट तीसवर नेला. जाणकाराने निर्णय घ्यायला कचरू नये.

लॅबमध्ये एका कारखान्याच्या माणसाला झापलं. त्यांचा प्रोब टाकीबाहेर लोंबत होता आणि हा गृहस्थ आठवडाभर तेच आकडे उतरवून घेत होता. असल्यांना पगार कशाचा देतात?

९ फेब्रुवारी

एक बी उकरून काढलं. बोटांत धरताच पिचकलं. शिजलेलं. दुसरंही. पूर्ण ट्रे उकरला.

मग प्रोब शोधला. पडद्यामागे, कट्ट्यावर. मी ठेवला होता तिथेच.

उपकरणात दोष नाही. त्याने खिडकीचं तापमान अचूक सांगितलं.

ताई पलंगावर बसून बघत होती. आई आली तेव्हा ताईच माझ्या डोक्यावरून तिला म्हणाली, ती वायर मला रोज खिडकी उघडताना दिसायची. इथे कशाला पडलीय, विचारणार होते. म्हटलं जाऊ दे, चोरांनी कशाला तोंड उघडायचं?

हे बोलताना तिचा आवाज नीट नव्हता. मी लाइट बंद केला.

१० फेब्रुवारी

फ्रिजवर पाच रोपं आहेत. बाबांच्या टोमॅटोची एवढीच, या घरात आणि बाहेरही.

बोलणं मी बंद केलं होतं, म्हणून चिठ्ठी. पहिल्या मसुद्यात खिडकी, चिमूट आणि मॅटची कंपनी यांच्याविषयी एकेक परिच्छेद होता. फाडला. दुसऱ्यात अर्ध्या वाट्यावर हक्क सांगितला होता. तोही फाडला. तिसरा तिच्या उशीवर ठेवते आहे.

ताई,
माझ्या सगळ्या बिया गेल्या. तू चोर नाहीस. तुझ्या रोपांपैकी एक मला देशील का? हो की नाही, ते रविवारपर्यंत कळव.