तेराव्या कादंबरीतली दुसरी बाजू

३ मार्च. सकाळ.
दैनिकांच्या कचेऱ्यांत हाडं झिजवून प्रेमकथेकडे वळलेल्या माझ्या बांधवांनो! आपल्याला भावना कळत नाहीत, असं हे कृतघ्न जग म्हणतं! (खोलीत कुणी नाही. तरी भाषण तयार असलेलं बरं.) बारा कादंबऱ्या हातोहात खपल्या. तेरावी आज पूर्ण. हिच्यात अठरा वर्षांची बातमीदारी ओतली आहे.

६ मार्च.
संपादिकाबाईंचा फोन. म्हणाल्या, अहो, पहिल्याच वाक्यात लग्न लावून मोकळे झालात, पुढची दोनशे पानं कुणी का वाचावीत? बातमीत महत्त्वाचं आधी, हे बाईंना कोण शिकवणार! वीस तारखेपर्यंत प्रेम आलं नाही, तर प्रेमकथामालेतून मी बाद म्हणे. धमकी!

७ मार्च.
बायकोला नववं प्रकरण दिलं. बागेत नायक प्रेम व्यक्त करतो ते. हसत सुटली. म्हणाली, 'नायिकेशी संपर्क होऊ शकला नाही' म्हणजे काय? बाकावर शेजारीच बसलीय ना ती? आणि माळ्याची प्रतिक्रिया कशाला?
निःपक्षपातीपणा!
म्हणाली, मला मागणी घातलीत तेव्हाही माझं म्हणणं वहीत उतरवून खाली सही घेतली होतीत.
मग? पुरावा नको?

१२ मार्च. दुपारी ४.
माझ्या बाराही पुस्तकांचे मुद्रितशोधक गेल्या वर्षी निवृत्त झाले. स्वल्पविराम बघायचे, आणखी काय! सहज भेटायला गेलो. म्हणाले, मी कुठं काय बदललं साहेब? तुमच्या बातम्या काढायचो, तिथं माणसं बसवायचो.
विनयशील गृहस्थ. मदत मागणार होतो. नाही मागितली. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१९ मार्च.
संकल्प: आज प्रेम. सात ते अकरा बैठक मारली. 'उभयतांत सकारात्मक चर्चा झाली.' वाचून माझेच डोळे भरून आले. पाठवून दिलं.

२६ मार्च.
बाईंचं पत्र. कादंबरी स्वीकारली! घर डोक्यावर घेतलं. बायको म्हणाली, अहो, पुढचं वाचा.
प्रेमकथामालेत नाही. बातमीदारी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मालेत. प्रत्येक प्रकरणाखाली स्वाध्याय. नवव्याखाली: 'वरील मजकुरात भावना आढळल्यास अधोरेखित करा.'
बायको पेन्सिल घेऊन बसली. तासाभरानं पानं जशीच्या तशी परत दिली.
बांधवांनो! पुस्तक बाजारात येईल त्या दिवशी दुकानात शिरा, क्रमिक पुस्तकांच्या कपाटातून ते उचला आणि प्रेमकथांच्या फळीवर नेऊन ठेवा!