चाक काढून पाहिलं

चिमे,

गाडीला हात लावू नकोस, ती जॅकवर आहे. सकाळी पुढचं चाक काढून पाहिलं. ब्रेकचे पॅड पार संपलेत, लोखंडावर लोखंड घासून चकतीला चरे पडलेत. आई दोन महिने सांगत होती, "अहो, ब्रेक दाबला की चाक किंचाळतं." मी म्हणायचो, "धूळ असेल. तुझेच कान तिखट."

आईच्या गाडीची धडक बसलेले ते सायकलवाले आजोबा अजून शुद्धीवर नाहीत. आई दवाखान्यात पडल्या पडल्या एकच घोकतेय, "माझाच पाय ब्रेकवर वेळेवर पडला नाही." काल मीही तिला म्हणालो, "होतं असं कधीकधी."

आता तिला खरं सांगायला जातोय. तिथून आजोबांच्या मुलाकडे. तो काय करील ते करो.

जेवून घे. माझी वाट पाहू नकोस.

बाबा