श्वास चालू असला की पुरे

३ मार्च
बाबांच्या खोलीत आमच्या कंपनीची नवी पेटी बसवली. ज्या लहरींवर त्यांच्या फोनला नेट मिळतं, त्याच लहरी अंगावर आपटून परततात आणि माणूस हलतोय का, श्वास घेतोय का, ते माझ्या स्क्रीनवर दाखवतात. एकाच पेटीत दोन्ही कामं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे बोलणारही हीच, लक्ष ठेवणारही हीच. मग तुझ्याकडे काय उरलं?" मी हसले. अर्धा चहा तसाच टाकून निघाले — जेवायला थांबायला हवं होतं.

९ मार्च
पेटी झकास चालते. सकाळी ओटा, मग खिडकी, मग खुर्ची. सगळं ठीक दिसतंय, मग फोन कशाला?

१४ मार्च
पहिला इशारा! खुर्चीत आहेत, हालचाल शून्य. मीटिंग सोडून बाहेर धावले, फोन लावला. लगेच उचलला. "मला काय होतंय? निवांत बसलोय." मग गळका नळ, खालच्या मजल्यावरचं कुत्रं... बोलतच राहिले. मीच आवरतं घेतलं.

२० मार्च
रोजचंच झालंय हे. साहेब वैतागले — "असे खोटे इशारे आले तर पेटी घेणार कोण?" खरंच आहे. नियम बदलला : श्वास चालू असेल तर नुसतं बसून राहण्यावर इशारा नाही. बाबांना फुशारकीने सांगितलं, "आता खुशाल बसा. श्वास चालू असला की पुरे."
"अस्सं होय," म्हणाले.

२ एप्रिल
एकही इशारा नाही. साहेब खूश.

६ एप्रिल
बाबांच्या शेजारच्या काकू बाजारात भेटल्या. "बरं झालं बाई, बाबा आता हिंडाफिरायला लागले. मध्यंतरी पुतळ्यासारखे बसायचे. चहा पुढे केला तरी हात हलवायचे नाहीत. म्हणायचे, थांबा, आता पोरीचा फोन येईल."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ज्याला पेटीची चूक समजत होते, ते बाबांचं मला बोलावणं होतं. आणि मी तेवढीही वाट बंद केली — वर शाबासकी घेतली. त्यानंतर एकदाही फोन केलेला नाही. कसली मुलगी आहे मी. उद्या नक्की करते.

७ एप्रिल
पेटी बघायला गिऱ्हाईक आलं होतं. राहून गेलं.

८ एप्रिल
श्वास थांबल्याचा इशारा. तिथल्या तिथे फोन लावला. पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला. धापा टाकत होते.
"बोल गं," म्हणाले.