कट म्हणण्याचा अधिकार

३ ऑक्टोबर १९७८, हर्न बे, इंग्लंड

निवृत्त शिक्षकाला याहून प्रसन्न खोली कोठे मिळणार? खिडकीत समुद्र, मेजावर संत्र्याचा मुरंबा. घरमालकीण मिस हेस्टर प्रॉथरो स्वस्त भयपटांतल्या जुन्या अभिनेत्री आहेत. कधी मोलकरीण, कधी परिचारिका, परंतु बळी मात्र नेहमीच. स्वयंपाकीण मिसेस टिबल म्हणाल्या, "घाबरू नका हं मास्तर! आमच्या बाईंनी मरून मरूनच हे घर उभं केलंय."

५ ऑक्टोबर

चहाच्या वेळी बाईंनी धंद्यातला नियम सांगितला: दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत प्रेताने श्वास घ्यायचा नाही. त्यांच्या अखेरच्या चित्रपटातला शेवटचा शॉट याच दिवाणखान्यात झाला. बाई गालिच्यावर प्रेत होऊन पडल्या होत्या आणि कॅमेरा चालू असतानाच दिग्दर्शक कोसळून गतप्राण झाले. 'कट' कोणीच म्हटले नाही. बाईंचा चहा तसाच निवला.

८ ऑक्टोबर

कडाक्याची थंडी. बागेत बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. बाईंच्या निघत नव्हती.

त्यांनी सरळच मागणे मांडले: मी 'कट' म्हणावे. स्वतः म्हणून पाहिले होते. नटाने स्वतःसाठी म्हटलेला 'कट' चालत नाही. "आयुष्यभर खोटं मेले, मास्तर. आता खरं मरू द्या की!" मिसेस टिबल बटाटे सोलता सोलता पुटपुटल्या, "माझ्या तोंडून नको गं बाई."

९ ऑक्टोबर

दुपारी बाई गालिच्यावर निजल्या. मी समोरच्या खुर्चीत. आरंभावाचून शेवट मला मान्य नाही, म्हणून आधी "ॲक्शन" म्हणालो. आज्ञा द्यावी ती नाव घेऊनच, हा माझा वर्गातला शिरस्ता, तेव्हा स्पष्ट उच्चारात म्हणालो, "मिस प्रॉथरो, कट!"

त्यांनी एकच खोल श्वास घेतला. हसल्या. मग खरोखरच गेल्या.

१० ऑक्टोबर

बाईंना नेले. अंगण गोठलेले. निरोप देताना सर्वांच्या तोंडून वाफ —

माझ्या नाही.

११ ऑक्टोबर

आरसा तोंडाशी धरला. कोरडा. 'ॲक्शन' म्हटले तेव्हा मी समोर खुर्चीत होतो — म्हणजे शॉटमध्येच होतो. 'कट' फक्त त्यांना दिला.

१२ ऑक्टोबर

ओरडून ओरडून म्हणालो. नटाचे चालत नाही. मिसेस टिबलना विनवले. त्यांनी माझ्या छातीकडे पाहिले. "अगं बाई, मास्तर, तुम्हीसुद्धा —" पिशवी तेथेच टाकून पळाल्या. दार उघडेच —

तारीख —

वाचणाऱ्या, तू खुर्चीत नव्हतास. तू म्हणू शकतोस. मोठ्याने. माझे नाव घेऊन. नावाशिवाय नको, नाहीतर दुसऱ्याच कोणाला — नीट लिहून घे. माझे नाव —