गिरणीच्या बातमीची दुरुस्ती

मी नागसेन देवमन तायडे, वय त्रेपन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार बाळापूर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हृदयही ठिकाणावर असल्याचे अकोल्याच्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सांगितले. धास्ती उतरल्यावर लिहीत आहे हे बरे. धास्तीत लिहिले असते तर सगळ्यांना माफ करून बसलो असतो.

१. मागचे घर आणि बँकेत जे सापडेल ते पत्नी ललिता हिचे, तिच्यानंतर मुलगी प्रियदर्शनी हिचे. शोधायला फार वेळ लागणार नाही.

२. संस्कृत ग्रंथ प्रियदर्शनीला. मी संस्कृतात एम.ए. झालो तेव्हा आई, मैनाबाई, म्हणाली होती, "नागसेन, हे बोलशील कोनासंग?" तिला उत्तर द्यायचे राहूनच गेले.

३. रस्त्याकडची खोली शालिकराम डोंगरे याला, मालकीहक्काने, कायमची. पुतण्या पियुष याने तिथे काढायच्या मोबाईलच्या दुकानाचे नाव ठरवून ठेवले आहे असे कळते. नाव चांगले आहे. दुसरी जागा पाहावी.

कारण असे. २०१९ च्या मंदीत इथली सरकीच्या तेलाची गिरणी बंद पडली. मालक खुशालराव मला म्हणाले, "दिवाईले भोंगा वाजते, लेहून टाका." गिरणी दिवाळीला पुन्हा सुरू होणार, असे मी लिहिले. आणखी कोणाला विचारले नाही. त्याच अंकात त्यांची अर्ध्या पानाची शुभेच्छांची जाहिरात होती, आणि तालुक्याच्या वार्ताहराचे पोट बातमीवर नव्हे, जाहिरातीच्या कमिशनवर चालते.

शालिकराम गिरणीत फिटर होता. त्याला वापीहून कामाचे बोलावणे आले होते. माझ्या बातमीचे कात्रण खिशात ठेवून तो थांबला. दिवाळी गेली, टाळेबंदी आली, यंत्रे भंगारात गेली. त्याची मुलगी प्रणाली नर्सिंगचे शिक्षण सोडून घरी बसली. गिरणीच्या जागेवर आता प्लॉट पडले आहेत आणि खुशालरावांची अमरावतीत तीन मजली इमारत उभी आहे, कोचिंग क्लासला भाड्याने दिलेली. "मंदीचा फटका सर्वांना सारखाच" हा मथळाही माझाच.

चार वर्षांपासून शालिकराम या खोलीत फवारणीचे पंप दुरुस्त करतो. रविवारी मीच त्या बातमीचा विषय काढला. तो वॉशर शोधत म्हणाला, "भाऊ, पेपरात आलं म्हनून थांबलो. तुमी निसतं तोंडानं सांगतलं असतं तं गेलो असतो."

पेपरने दुरुस्ती छापली नाही. म्हणून ती इथे: गिरणी सुरू होणार नव्हती. मला आणखी कोणाला विचारता आले असते. मंदी सर्वांवर सारखी आली नाही.

हे ललिताला वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, "याले सहा वर्षं लागले तुमाले?" त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

४. खुशालरावांनी त्या दिवाळीला दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. सेल घालू नये.

स्थळ: बाळापूर. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.
(सही) नागसेन देवमन तायडे

आमच्यासमोर सही केली:
१. नीलम वानखडे, शिक्षिका
२. पिंटू गवई, पेपर वाटप

(वकिलांनी नको म्हटले तरी, खाली दुसऱ्या हस्ताक्षरात:)
मी साक्षीदार नाही. वाचलं. या बारीले बातमी बरोबर आहे. जुनं कात्रण संग जोडलं, आता मले त्याचं काम नाही.
शालिकराम डोंगरे