स्वीडनसाठी सव्वा ते दीड

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
एप्रिल (तारीख मृणालिनीला विचारून टाकतो)

तीर्थरूप आत्यास,

सुजीतचा आणि मृणालिनीचा सप्रेम सलाम. प्रभूच्या दयेनं आम्ही दोघं इकडे ठीक आहोत (माझी शुगर सोडून, पण ती कायम माझ्याबरोबरच असते, म्हणून वेगळी कळवत नाही). तुझ्या गुडघ्याचं कसं काय? तेल संपलं असेल तर सांग. इथल्या ग्रोसरीत एक मल्याळी तेल मिळतं. त्यानं गुडघा बरा होत नाही, पण घरभर वास सुटतो आणि काहीतरी उपचार चाललेत असं वाटतं. धुळ्यात ऊन तापलं असेल. आमच्याकडे ऊन म्हणजे माझी रोजीरोटी. मी मॉलचे एसी सांभाळतो हे तुला ठाऊक आहे, तरी तू शेजारणीला ‘भाचा फार मोठा इंजिनियर आहे’ असं सांगतेस म्हणून आपली आठवण करून दिली.

आता तू म्हणशील, फोन सोडून हा पत्र का लिहीत बसलाय. अगं, फोनवर बोललो की मृणालिनी ऐकते, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की तुझी तीच शेजारीण तुला मोठ्यानं वाचून दाखवते. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक जण पुढच्या आठवड्यात धुळ्याला सुट्टीवर निघालेत, त्यांच्या हाती हे देतो. पाकीट नीट चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर मला कळव.

गोष्ट शार्दूलची आहे. नातू स्वीडनला शिकायला गेला म्हणून तू पेढे वाटलेस, ते ठीकच. नाताळात मी त्याला विचारलं, बाबा रे, उपासनेला गेला होतास का? तर म्हणाला, ‘नो वन गोज हिअर, पापा.’ मी विचारलं, मग तू? तर म्हणाला, ‘आय डोन्ट गो आयदर.’ असं अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं गं! माझं डोकं फिरलं. (माझं डोकं कुणावर गेलंय ते तुला माहीत आहे, तुझ्या भावाबद्दल मी पत्रात काही लिहीत नाही.) मी म्हटलं, देवाला विसरलास ना, मग मलाही फोन करू नकोस. आणि आत्या, पोरानं आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं! नाताळापासून आजपर्यंत त्याचा मला एक फोन नाही. आईला करतो. ती स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलते आणि मी पाणी प्यायला गेलो की ‘बरं बरं, ठेवते’ म्हणते. या चार महिन्यांत मी इतकं पाणी प्यायलोय की डॉक्टर खूश आहे.

आपण होऊन मी फोन करावा, तर बाप आहे मी. न करावा, तरीही बापच आहे. म्हणून जानेवारीत ठरवलं की प्रार्थनेचा विषय द्यायचा. आमची मराठी उपासना मुसफ्फाच्या चर्च कंपाउंडात असते. एकच हॉल, पण आमच्याआधी मल्याळी, आमच्यानंतर फिलिपिनो, त्यामुळे साडेअकराला आमचं ‘आमेन’ आणि त्यांची गिटार एकदमच सुरू होतात. तिथे दाराशी एक डबा ठेवलाय. त्यात चिठ्ठी टाकायची आणि पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर वाचतात. आता चिठ्ठीत शार्दूलचं नाव घालावं, तर गेल्या वर्षी एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी चिठ्ठी टाकली होती, तिला संध्याकाळपर्यंत जालन्याहून तीन स्थळं आली आणि एकानं पत्रिकेऐवजी पगाराची स्लिप मागितली. माझ्या घरातलं असं जालन्यापर्यंत जायला नको होतं. म्हणून मी नाव गाळलं आणि देश घातला. चिठ्ठीत लिहिलं: ‘स्वीडन देशात आत्मिक जागृती व्हावी, तेथील तरुणांनी प्रभूकडे वळावे व घरी फोन करावा.’

पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, पकडला गेलो! तर ते म्हणाले, किती मोठं ओझं आहे हे! आपण सगळे व्हिसा आणि प्रमोशन मागतो, आणि इथे कुणीतरी एका सबंध देशासाठी रडतंय. त्यावर त्यांनी वीस मिनिटं संदेश दिला की ‘घरी फोन करावा’ म्हणजे आत्म्यानं स्वर्गीय पित्याला हाक मारावी. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले, पण मी साध्या फोनसाठी पुसले.

पुढच्या रविवारी ‘स्वीडन जागृती समिती’ तयार! अध्यक्ष ब्रदर धनंजय. हा एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे येईल त्या कागदाला नंबर देणं हेच काम, उद्या प्रभूचं दुसरं येणं झालं तरी त्याला आधी रिव्हिजन नंबर देईल. त्यानं स्वीडनचा नकाशा आणला, देशाचे तुकडे पाडले आणि कुटुंबागणिक वाटले. मुग्धाताईंच्या वाट्याला अगदी वरचा भाग आला, जिथे उन्हाळ्यात सूर्यच मावळत नाही. त्यांनी शंका काढली की मग सायंप्रार्थना कधी धरायची? त्यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. मग साखळी प्रार्थनेचे स्लॉट वाटले, मला सव्वा ते दीड आला, म्हणजे माझ्या जेवणाच्या सुट्टीतला. आता मी रोज मॉलच्या गच्चीवर, एसीचं पाणी गार करणाऱ्या चिलरच्या केबिनमध्ये, बाहेर आग ओकणारं ऊन असताना, देवा स्वीडनच्या लोकांची मनं जरा उबदार कर असं मागतो. डब्यातली पोळी गार होते. जन्मभर लोकांना गारवा पुरवला आणि आता ऊब मागतोय, माझं मलाच कळेनासं झालंय.

त्यात आठवलं की तुझ्या आजीला, म्हणजे माझ्या पणजीला, अक्षरओळख स्वीडनच्याच मडमेनं करून दिली ना? तूच सांगायचीस, बैलगाडीतून यायची, बरोबर घडीची खुर्ची असायची आणि पाऊस आला की आधी पोरांना गाडीत घ्यायची, मग खुर्चीला. ती खुर्ची तुझ्याकडे आहे अजून (तिच्यावर तू पापड वाळवतेस, ते ठीक आहे). म्हणजे बघ हं, त्यांनी येऊन आपल्याला देव दिला, आपण पोरगा शिकायला तिकडे पाठवला, तर पोरगा म्हणतो की तिकडे देवाकडे कुणी जात नाही. मग त्या मडमेनं आपल्याकडे येताना सगळाच आणला की काय, मागे काही ठेवलंच नाही? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, ब्रदर, प्रश्न सखोल आहे, आणि पार्किंगकडे गेले.

मग धनंजयनं ठरवलं की नुसती प्रार्थना पुरत नाही, स्वीडिश लोकांशी ओळखी करायला हव्यात. आता इथला नियम साधा आहे, कंपाउंडच्या आत हवी तेवढी भक्ती करा, बाहेर कुणाला धर्म सांगत फिरायचं नाही. ते आम्हाला मान्यच आहे. या देशानं जागा दिली, वीज दिली, एसी दिला (त्याचं मला विशेष कौतुक). म्हणून फक्त ओळख, हाय-हॅलो, घरी चहाला बोलावणं, एवढंच ठरलं. पण अख्ख्या मंडळीत एकालाही एकसुद्धा स्वीडिश माणूस माहीत नव्हता! शेवटी आम्ही अकरा जण दोन गाड्या करून मूळ स्वीडनच्या त्या फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे एक फिलिपिनो भेटली, एक इजिप्तचा भेटला आणि तीन त्रिचूरचे. इजिप्तवाला फार प्रेमळ, धनंजयला दर वाक्याला ‘हबीबी’ म्हणत त्यानं पुस्तकांचं कपाट गळ्यात मारलं. आम्ही डोळे उघडे ठेवून, ट्रॉली ढकलत, मनातल्या मनात स्वीडनसाठी प्रार्थना केली, तिथले मांसाचे गोळे खाल्ले आणि परत आलो. कपाट धनंजयनं स्वतः जोडलं. त्याचं तोंड भिंतीकडे झालंय, पण समितीच्या फायली त्यातच आहेत.

आणि मग तो घात झाला. मुग्धाताईंनी मृणालिनीला सहज विचारलं, शार्दूल सध्या कुठे असतो गं? ही म्हणाली, स्वीडनला. झालं! धनंजय माझ्याकडे असा आला की जणू मी खजिना दडवला होता. ‘ब्रदर, आपला माणूस तिकडे आहे आणि तुम्ही बोलला नाहीत? केवढी ही नम्रता!’ त्यानं हिच्याकडून नंबर घेतला आणि अख्ख्या समितीला वाटला. आता पोरगा यांना सांगणार की मी चर्चला जात नाही आणि बापाशी बोलत नाही, आणि ते फिलिपिनोंची गिटार सुरू व्हायच्या आत जालन्याला पोचणार. पण आत्या, तुझा नातू गुणी निघाला. मी सोडून दहा जणांचे फोन त्यानं घेतले, सगळ्यांशी नीट बोलला, बापाबद्दल अवाक्षर नाही. समितीनं त्याला ‘स्वीडनचे प्रतिनिधी’ नेमून टाकलं.

तेव्हापासून मला माझ्या मुलाची खुशाली दर गुरुवारी समितीच्या अहवालाच्या पीडीएफमधून कळते. ‘मुद्दा तिसरा: तापमान उणे नऊ. मुद्दा चौथा: प्रतिनिधीस सर्दी.’ मी त्या चौथ्या मुद्द्यासाठी माझा पूर्ण स्लॉट खर्च केला, बाकीचं स्वीडन त्या दिवशी तसंच राहिलं. पुढच्या गुरुवारी ‘सर्दी उतारावर’ वाचलं आणि चिलरच्या केबिनमध्ये एकटाच रडलो. हसू नकोस.

मग धनंजयला अहवालाच्या कव्हरसाठी तिकडच्या चर्चचा फोटो हवा झाला. शार्दूल बिचारा फोटो काढायला म्हणून घराजवळच्या एका चर्चमध्ये शिरला. आत आठ म्हाताऱ्या! त्यांनी याला बसवला, कॉफी पाजली, दालचिनीचा पाव दिला. उठताना यानं पाहिलं की खुर्च्या आवरायला कुणीच नाही, म्हणून सगळ्या खुर्च्या घडी घालून ठेवल्या. त्या म्हणाल्या, पुढच्या रविवारीही ये. हा गेला. भाषा कळत नाही, म्हणतो, पण खुर्च्या आहेत. आता दर रविवारी जातो. समितीच्या अहवालात आलं: ‘उपस्थिती नऊ. गेल्या महिन्यापेक्षा वाढ एक.’ हॉलमध्ये टाळ्या! पाळकसाहेब म्हणाले, स्वीडन हलू लागलं. मला मात्र समजेना की स्वीडन हललं, की माझा पोरगा, की नुसत्या खुर्च्या. तू त्यांतली जाणती आहेस, मला कळव.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याची काळजी घे, जिन्यावरून सुपं खाली आणू नकोस. मृणालिनी तुला सलाम सांगते (तिला माहीत नाही, पण सांगितला असता).

तुझा,
सुजीत

ता. क. एक गोष्ट वर लिहायची टाळली. गेल्या रविवारी धनंजयनं शार्दूलला हॉलच्या पडद्यावर आणला. चार महिन्यांनी तोंड पाहिलं गं. दाढी वाढवलीय, वाळलाय. धनंजयनं विचारलं, तुमचा काही प्रार्थनेचा विषय? तर म्हणाला, त्या आठ आजीसुद्धा आपल्यासाठी प्रार्थना करतात, त्यांना मी एक चिठ्ठी दिलीय. ‘प्लीज प्रे फॉर अबुधाबी. फॉर द ओल्डर मेन देअर. दॅट दे कॉल देअर सन्स.’ धनंजयनं ताबडतोब टिपून घेतलं, ‘अबुधाबीतील वयस्क पुरुष’. पाळकसाहेब म्हणाले, यातही गूढ अर्थ आहे. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. मी मान खाली घातली, मृणालिनीनं दंडाला करकचून चिमटा काढला, आणि तेवढ्यात फिलिपिनोंनी दार वाजवलं. तिकडे आठ म्हाताऱ्यांनी म्हणे भिंतीवर अबुधाबीचा नकाशा लावलाय!

ता. क. दुसरा. खरं काम हे. तो दर शनिवारी तुला फोन करतो हे मला माहीत आहे (मी पाणी प्यायला जातो तेव्हा काही काही कळतं). पुढच्या वेळी त्याला सांग की अबुधाबीतला एक वयस्क पुरुष फोन सायलेंटवर ठेवत नाही, आंघोळीलाही आत नेतो, फक्त त्याला पहिलं वाक्य सुचत नाही. आणि तू प्रार्थना कर. देशाचं नाव घेऊ नकोस. आमची दोघांची नावं घे.

ता. क. तिसरा. धुळ्याला जाणाऱ्यांची सुट्टी चार दिवस पुढे गेली, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. काल सव्वाला केबिनमध्ये डोळे मिटून स्वीडनसाठी सुरुवात केली आणि फोन वाजला. त्याचं नाव! उचलला. नुसता चिलरचा आवाज. मग तो म्हणाला, ‘पापा, आर यू प्रेइंग?’ मी म्हटलं, हो, तुमच्याच देशासाठी. तर म्हणाला, ‘ओके. यू फिनिश. आय विल होल्ड.’ आणि आत्या, त्यानं खरंच धरून ठेवला. स्वीडन काल अर्धंच राहिलं.